संत्र्याच्या बागेतला कॅप्टन

१ नोव्हेंबर २०१९, अमरावती

आजपासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास बाजूला. तसा तो मागच्या दिवाळीपासूनच बाजूला आहे, पण आता ठरवून. कारण महिनाअखेरीस अकोल्याला मोबाइल गेमची टूर्नामेंट आहे आणि आमच्या टीमचा कॅप्टन मी आहे. (मीच जाहीर केलं. कोणीतरी करायलाच हवं होतं.) चौघांची टोळी, हातात बंदुका. एक इमारत सांभाळायची आणि शत्रू आत घुसायच्या आधी त्याला टिपायचा. म्हणजे राखणच! मोर्शीला आमची संत्र्याची बाग आहे. माकडांपासून ती राखण्यात माझं लहानपण गेलं. एवढा अनुभव टीममध्ये दुसऱ्या कोणाला आहे?

४ नोव्हेंबर

पहिली प्रॅक्टिस, इमरानच्या मोबाइल रिपेरिंगच्या दुकानात. टीममध्ये तो, त्याची बहीण उज्मा (बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष) आणि त्यांचा मामेभाऊ साजिद. साजिद बोलतच नाही.

मागच्या जिन्यावरून येणारा शत्रू सगळ्यात आधी मला दिसला. नजर बागेतली आहे. दिसल्याबरोबर मी "हाऽऽड! हुर्रर्र!" असा आवाज दिला आणि हवेत गोळ्या झाडल्या. चौघंही मेलो.

उज्मा म्हणाली, "शिवमभाऊ, दुश्मनाले मारा लागते, हाकला नाई लागत." तिला मी मानसिक दबाव म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती चहा आणायला गेली.

७ नोव्हेंबर

पुन्हा तेच. दोष माझा नाही, संस्कारांचा आहे. आमच्याकडे वानराला मारत नाहीत. मारुतीचं रूप ते. ओरडायचं, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, पण दगड बाजूला टाकायचा. बाबा तर दगड टाकून वर हात जोडतात. आज मी शत्रूवर नेम धरला आणि बोट आपोआप आभाळाकडे सरकलं.

इमरान म्हणे, "काय बे, पाखरं मारून राहिला का?"

१० नोव्हेंबर

उपाय सापडला. खेळताना तोंडात पाण्याचा घोट धरायचा. ओरडणार कसा?

रात्री ८. शत्रू दिसला. फोन इमरानकडे दुरुस्तीला. साजिदचा शर्ट दोरीवर.

१५ नोव्हेंबर

बाबांचा फोन. माकडांचा कळप उतरला म्हणे. "बापू, व्यापारी बाग पाहाले येनार हाय. तवापर्यंत राखणीले ये. मायाच्यानं आता पळनं होत नाई." मी सांगितलं, अकोल्याला परीक्षा आहे. खोटं बोललो नाही. परीक्षाच आहे ती. तरी फोन ठेवल्यावर जरा वाईट वाटलं. पण कॅप्टनला घरचं बघून कसं चालेल?

२१ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस! एक अख्खी मॅच तोंडातून आवाज काढला नाही. गोळीही झाडली नाही, ते राहूनच गेलं. बाकी तिघांनी जिंकली. नेतृत्व म्हणजे दुसऱ्यांना वाव देणं.

उज्मानं प्रस्ताव मांडला की अकोल्यात हरलो तर कॅप्टन ती. मी लगेच हो म्हटलं. हरायचा प्रश्नच कुठे येतो? साजिद पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आत्ताच करून टाका ना."

३० नोव्हेंबर, अकोला

मंगल कार्यालयात टूर्नामेंट. वधूवरांच्या सोफ्यावर आम्ही चौघं. फायनलपर्यंत पोचलो! माझ्यामुळे, म्हणजे मी काही न केल्यामुळे, असं इमरानचं मत.

शेवटचा राउंड. मागचं दार माझ्याकडे. बंदूक रोखलेली, तोंड बंद, सगळं प्लॅनप्रमाणे. तेवढ्यात शत्रूचे चौघं एकामागोमाग एक कंपाउंडच्या भिंतीवर चढले. हुबेहूब आमच्या पूर्वेकडच्या कुंपणावरच्या माकडांसारखे. पुढचं मला नीट आठवत नाही. इमरान सांगतो की मी सोफ्यावर उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या आणि "हुर्रर्र!" असा ओरडलो की आचारी स्वयंपाकघरातून बाहेर आला.

शत्रूतला एक खरंच मागं पळाला. गावाकडचा असावा. उरलेल्या तिघांनी आम्हाला संपवलं.

परतीच्या गाडीत बडनेऱ्याजवळ नवी कॅप्टन म्हणाली, "भाऊ, आवाज लय दमदार हाय तुमचा." मला रडू आलं. खिडकीकडे तोंड केलं.

२ डिसेंबर

खचायचं नाही. मौन कमवायचं आणि कॅप्टनपद परत मिळवायचं. सरावाला खरं मैदान हवं. मोर्शीला जातो. बाबाही खूष होतील. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड बाजूला टाकायची गरज नाही.

६ डिसेंबर, मोर्शी

सकाळपासून बांधाआड पालथा. कळप आला. पुढे म्होरक्या, मागे माद्या, पोटाला पिल्लं. घशापर्यंत हुर्र आलं, गिळलं. पूर्वेकडच्या ओळीत शिरले. मी श्वास रोखला. दुसऱ्या ओळीत शिरले. मी हललोसुद्धा नाही. अंगठा वर करून स्वतःलाच शाबासकी दिली. एक पिल्लू माझ्यापासून हातभरावर बसून संत्रं सोलत होतं. त्याला मी दिसलोही नाही. आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी!

संध्याकाळ. बाबा पूर्वेच्या ओळीत सालींवर बसून होते. विचारलं, "तू इथंच होता ना रे?" मी म्हटलं, पूर्ण वेळ. "मंग आवाज काहून नाई देल्ला?" मी खाली बसून साली गोळा करायला लागलो.

तेवढ्यात कळप परत आला. आई चुलीपाशी होती. तिथूनच तिनं एक हाळी दिली. अख्खा कळप ओढ्यापार.

७ डिसेंबर

व्यापारी येईपर्यंत राखणीला आई. बाबांनी सकाळीच जाहीर केलं.

माझ्याकडे डबा दिला आहे. आईनं सांगितल्याशिवाय वाजवायचा नाही.