जोडावर तुटलं तर

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तब्येत विचारलीस. ठणठणीत आहे. राग हे फार चांगलं टॉनिक आहे, डॉक्टरांना कळवायला हवं.

यांच्या विमानाचा डावा पंख पूर्ण झाला. सांगाड्यावर कापड ताणलं, प्रत्येक फासळीशी वाकड्या सुईने, मेणाच्या दोऱ्याने टाके घातले, प्रत्येक टाक्याला गाठ मारली. मुख्याध्यापिका असताना शिवणाच्या तासाला मी नाक मुरडायची. ते नाक आता सुईवर वाकलेलं असतं. वरून कापड ताठ करणाऱ्या रसायनाचे हात दिले. टिचकी मारली की पंख ढोलासारखा वाजतो.

हा पंख उघडा का पडला होता ते तू विसरली असशील. मी विसरलेले नाही. हे शेडमध्ये विमान बांधत वर्षानुवर्षं एकेक फासळी चिकटवत होते. गोंद कालवला की त्याच गोंदाने लाकडाच्या पट्ट्या जोडून ठेवायचे. एक जोडी सुकल्यावर मोडून पाहायची, बाकीच्या बरणीत. लाकूड फाटलं आणि जोड टिकला तर गोंद पास. इतका काटेकोर माणूस. आणि त्यांचा सख्खा भाऊ, आपले कप्तान, फ्लाइंग क्लबमध्ये चहाचा कप हातात घेऊन सगळ्यांना सांगतो की दादाचे जोड भरवशाचे नाहीत, आपण तर त्यात बसणार नाही बुवा. गंमत केली म्हणे. विमानाला परवाना देणाऱ्या तपासनीसाच्या कानावर ती गंमत गेली आणि त्याने पंख उघडायला लावला. यांनी आजारपणातून उठून स्वतःच्या हाताने कापड फाडलं. जोड सगळे पक्के निघाले. पण हात पुन्हा तेवढे चालले नाहीत. हे गेले तेव्हा पंख उघडाच होता.

आता कप्तान म्हणतात, वहिनी, पहिलं उड्डाण मीच करणार, दादासाठी. वार्ताहरही बोलावलेत. मी हो म्हटलं. इतकं गोड म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

लोभ पूर्वीइतकाच ठेव, उपदेश थोडा कमी कर.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गोड बोललीस हे मी दोनदा वाचलं. लहानपणी मी तुझ्या नव्या वहीवर शाई सांडली तेव्हाही तू अशीच गोड हसली होतीस. आठवडाभराने दुपारच्या झोपेतून उठायला गेले तर माझी वेणी गादीला शिवलेली. तेव्हा शिवण बरं जमत होतं तुला!

कप्तान तोंडाने सैल आहेत, पण मनाने वाईट नाहीत गं. दाजी गेले तेव्हा जिन्याखाली उभे राहून रडत होते, मी पाहिलंय. काय करणार आहेस ते सरळ सांग. इकडे सगळे बरे. ह्यांचा गुडघा आणि माझी सून, दोघं आळीपाळीने कुरकुरतात.

राग निवला की मायाही कळव.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सरळ विचारलंस, सरळ सांगते.

तपासनीस सगळं पाहून, पास करून गेले. दुसऱ्याच दिवशी कप्तान मदतीला हजर. पंखांच्या मागच्या कडेला एकेक झडप असते. वैमानिकाने दांडा डावीकडे कलवला की डावी झडप वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडे कलतं. कप्तानांना त्या झडपांच्या तारा ढिल्या वाटल्या. मी नको म्हणत असताना त्यांनी सीटखाली हात घालून त्या सोडल्या, ताणून पुन्हा जोडल्या, हात पुसले आणि म्हणाले की वहिनी, आता बघा, दादाला असं जमलं नसतं.

ते गेल्यावर मी दांडा डावीकडे कलवला. डावी झडप खाली गेली.

तारा उलट जोडल्यात. जमिनीवरून उठताच विमान कलेल, कप्तान सावरायला जातील आणि ते आणखी कलेल.

मी दुरुस्त केलेलं नाही. सांगितलेलंही नाही. उडण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारायची, आत बसल्यावर दांडा हलवून झडपांकडे बघायचं, हे वैमानिकाचं पहिलं काम. बघतील तर वाचतील.

लोभ असेल तर गप्प राहा.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार घालायलाही हात धजत नाही. याला खून म्हणतात. तू वैमानिकाचं काम म्हण, नाहीतर आणखी काही म्हण. मी कप्तानांना फोन लावून तारा बघायला सांगितलं. ते हसले आणि म्हणाले की तुमच्या ताईला अजूनही मी पोरच वाटतो. फोन ठेवला. तूही उचलत नाहीस.

दाजींची शपथ आहे. ते विमान त्यांनी कशासाठी बांधलं, एवढं आठव.

धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

कप्तान जिवंत आहेत. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

सगळा क्लब मैदानावर जमला होता. कप्तान नवा गॉगल लावून आले, फोटो काढून घेतले आणि चढून बसले. विमानाभोवती फेरी मारली नाही. दांडा आमटी ढवळावी तसा फिरवला, डोळे कॅमेऱ्याकडे. चाकांपुढचे ठोकळे काढायची खूण केली, ठोकळे निघाले, इंजिन पूर्ण जोरात सोडलं. विमान गरजलं, थरथरलं आणि जागच्या जागी उभं राहिलं.

शेपटी जमिनीतल्या लोखंडी कडीला जाड दोराने बांधलेली होती. कुणी येण्याआधी सकाळी मीच बांधली. फेरी मारली असती तर दोर दिसला असता.

दोर कापायची सुरी माझ्या पिशवीत होती. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, क्षणभर बोटं तिच्या मुठीवर होती. पण असल्या माणसापायी यांचं विमान मोडू देईन होय?

इंजिन बंद करायला लावलं आणि वर्गातल्या आवाजात सांगितलं की दांडा डावीकडे कलवा आणि डाव्या पंखाकडे बघून काय दिसतं ते सगळ्यांना सांगा. त्यांनी पाहिलं. पुन्हा कलवून पाहिलं. मी विचारलं, या तारा कुणी जोडल्या. पुटपुटले. मागच्या रांगेला ऐकू येत नाही म्हटलं. मग मोठ्याने सांगितलं. मग विचारलं की आता बोला, भरवशाचे नाहीत ते जोड कुणाचे. गॉगल खिशात घालून उतरले. वार्ताहर लिहून घेत होते.

तारा सरळ झाल्या, तपासनीस पुन्हा येऊन गेले आणि काल क्लबच्या प्रशिक्षिका बाईंनी विमान उडवलं. आधी दोन फेऱ्या मारल्या त्यांनी भोवती, वाकून वाकून. उडालं गं. चांगलं उंच उडालं, आणि उतरलं तेव्हा एक टाका उसवलेला नव्हता.

दोराचं तुला आधी कळवलं नाही, ते मुद्दाम. मनाने वाईट नाहीत असं लिहिलं होतंस ना? म्हटलं, दोन आठवडे तूही थोडी तळमळ.

वेणी सांभाळून, लोभ तसाच ठेवून,

तुझी ताई


२ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

क्लबात जाणं सोडलं आहे. मी शिरलो की सगळे दांडा डावीकडे कलवल्याची खूण करतात. ती माझी कमाई. पण दादा पंख फाडत बसला होता तेव्हा मी भेटायलाही आलो नाही, ते कुणी बोलून दाखवत नाही आणि तेच मनाला खातं. एकदा त्या विमानात बसू द्या. चालवायला नाही, नुसता मागे बसेन. नाही म्हणू नका.

आपला,
भावजी


७ एप्रिल

श्री. भावजी यांस,
स. न. वि. वि.

नाही म्हणत नाही. सोबत यांच्या बरणीतल्या काही जोडपट्ट्या पाठवते आहे. एकेक पक्कडीत धरा आणि मोडा. एक जरी जोडावर तुटली तर मागे कशाला, पुढे बसा. विमान तुमचं, किल्लीसकट. लाकडात तुटल्या तर तुकडे परत पाठवा. तुमची गंमत अशी तपासून घेतलेली बरी.

वहिनी


१९ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न.

सगळ्या मोडल्या. सगळ्या लाकडातच तुटल्या. शेवटच्या जोडावर हातोडा घातला, तरी सुटला नाही. दादाचे जोड पक्के होते. हे मी क्लबच्या फळ्यावर लिहून, खाली सही करून आलो. तुकडे पाठवतो आहे. आता तरी?

भावजी


२३ एप्रिल

श्री. भावजी यांस,
स. न.

तुकडे मिळाले. फळ्यावरचं वाचून आले. अक्षर अजून सुधारलेलं नाही.

बरणी अजून अर्धी भरलेली आहे. दुसरं पार्सल सोबत आहे. मोडत राहा.

लोभाचं नंतर बघू.

वहिनी