केळ्याचं दूध

श्री
पोछन, कोरिया, २ जून १९९६

ती. तुलसा दिदीस,
धाकट्या झलकचा सा. न. वि. वि.

पुन्हा तेच! मी पत्रात खाण्यापिण्याशिवाय काही लिहीत नाही, हे तू आता तिसऱ्यांदा ऐकवलंस. अगं, हातमोजे विणणाऱ्या यंत्राबद्दल काय लिहू? ते खडखड करतं, मी दोरा ओवतो, ते पुन्हा खडखड करतं. झालं पत्र. सहावी नापास माणसाकडून आणखी काय हवंय तुला?

आणि कधी येतोस, कधी येतोस म्हणून भुणभुण करू नकोस. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे, करार पुढच्या फागुनपर्यंत. मधेच गेलो तर परतीचं दार बंद. आमा माझीही आई आहे, तरी तिच्या घशातली गाठ किती वाढली, घास उतरतो का, हे तू एका ओळीत उरकतेस, आणि माझी उलटतपासणी दोन पानं.

तर खाण्याचंच ऐक. मागच्या रविवारी मालकिणीने, जिला आम्ही सगळे आजुम्मा म्हणजे काकू म्हणतो, तिने पांढरंशुभ्र सूप पुढे ठेवलं. मला वाटलं, दुधाची खीर. चमचा तोंडापर्यंत नेला आणि सहज खुणेने विचारलं की हे कशाचं. तिने डोक्यावर दोन बोटं शिंगांसारखी धरली आणि चक्क हंबरली! चमचा माझ्या हातातून गळालाच. माझ्या खोलीतला, आपल्याकडचाच पदम म्हणाला, अरे, एक दिवस ख्रिस्ती हो आणि जेव. मी मुळ्याच्या लोणच्याशी भात खाल्ला. आजुम्मा दिवसभर ज्याला त्याला शिंगं दाखवून माझी टिंगल करत होती. पण तेव्हापासून माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवते.

आमाला हे वाचून दाखव. बांना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
झलक


गुल्मी, नेपाळ, असार १०

चि. झलकला दिदीचे अनेक आशीर्वाद.

भांडण मागे घेते. लिही बाबा, खाण्याचंच लिही.

तुझं पत्र आलं की आमा पाठीला उशी लावायला सांगते. शिंगांच्या जागी तर एवढी हसली की ठसका लागला, बा गोठ्यातून धावत आले. आणि त्या हसण्याच्या भरात अर्धी वाटी पेज पोटात गेली! त्याआधी आठ दिवस नुसतं पाणी. आता ती म्हणते, आधी झलकचं पत्र काढ, मग वाटी आण. तेच पत्र चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी मी दोन ओळी गाळल्या, तर म्हणाली की लबाडे, मुळ्याचं लोणचं राहिलं.

तुला नीट सांगायचं ते असं. पाल्प्याच्या डॉक्टरांनी बांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, मागेल ते द्या. दसैंच्या सणापर्यंत राहील का, असं बांनी विचारलं, तर म्हणाले, ते देवाला विचारा. आमाला हे ठाऊक नाही असं आम्ही धरून चालतो. तिचा निरोप मात्र असा आहे की करार अर्धवट टाकून आलास तर दाराला आतून आडणा लावीन. आणि दूध पितोस का, हे तीनदा विचारायला सांगितलंय. म्हशीच्या आचळाला तोंड लावणारा कार्टा तिकडे काय करत असेल, हीच तिची चिंता.

जपून राहा. पेजेची वाटी तुझ्या पत्रावर अडली आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी दिदी,
तुलसा


श्री
पोछन, १४ जुलै १९९६

ती. दिदीस सा. न. वि. वि.

आमाला उशी लाव, वाटी घे आणि मग पुढे वाच.

आमा, इथली माणसं वेडी आहेत. रविवारी डोंगर चढतात. पाठीवर भारा नाही, पलीकडे सोयरे नाहीत, हरवलेली शेळी शोधायची नाही, तरी चढतात! महागडे बूट, दोन दोन काठ्या, टोपी. वर पोचले की काकडी खातात आणि खाली येतात. मालक मलाही घेऊन गेला. मी चप्पल घालून त्याच्या आधी वर पोचलो आणि वाट बघत बसलो. तो धापा टाकत आला आणि म्हणाला की तू बकरा आहेस का? मी म्हटलं, आमच्याकडे एवढ्या चढावर शाळा असते, म्हणून तर शिकलो नाही.

खाली उतरलो की सार्वजनिक न्हाणीघर. सगळे पुरुष उघडे! मी पहिल्यांदा चड्डीवर शिरलो, तर एका म्हाताऱ्याने ओरडून बाहेर काढलं. आता सवय झाली. अंगाचा मळ काढतात तो असा की वाटतं, कातडी परत मिळेल का. आणि बाहेर आल्यावर, आमा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पोटफुगी छोटी बाटली, आत केळ्याच्या वासाचं पिवळं दूध, थंडगार. तुझा निरोप आल्यापासून आठवड्याची वाट बघत नाही. रोज काम सुटलं की एक पितो, तुझ्या नावाने. आजुम्मा बाटली काढूनच ठेवते.

दिदी, हे पुढचं मनात वाच. मी मालकाशी बोललो. तो म्हणाला, जायचं तर जा, पासपोर्ट देतो, पण परत घेणार नाही. मी म्हटलं, नका घेऊ. आमाने आडणा लावला तर मी कौलांवरून उतरेन. तिकिटाचे पैसे जमलेत. दसैंचा टिका तिच्या हातूनच लावून घेणार. तेवढं तिला धरून ठेव. कसंही करून.

वाटी रिकामी झाली का, ते कळव.

तुझा,
झलक


गुल्मी, साउन २१

चि. झलकला आशीर्वाद.

पत्र मिळालं. मोठ्याने वाचलं. सगळं वाचलं, काही गाळलं नाही.

इकडे पाऊस चांगला आहे. कोदोची लावणी झाली. बा बरे आहेत, गोठ्यातच बसून असतात. चुलतभाऊ कृष्णदाजू रोज येऊन जातो.

एक काम कर. दूध बंद कर. आजपासूनच. पुरोहितांनी तुझी पत्रिका पाहिली, वर्षभर तुला दूध चालणार नाही म्हणाले. दही चालेल. कारण विचारू नकोस, थोरल्या बहिणीचं एवढं ऐक.

आणि दसैंला यायची घाई नको. तिकिटाचे पैसे मोडू नकोस. करार पुरा कर, तिचं तेवढंच सांगणं होतं.

सांभाळून राहा.

तुलसा


श्री
पोछन, २५ ऑगस्ट १९९६

ती. दिदीस नमस्कार.

आपल्या फुपाजींची आई गेली तेव्हा त्यांनी वर्षभर दुधाला हात लावला नाही, दही खायचे. वडील गेले तेव्हा उलट, दही बंद, दूध चालू. आईच्या वर्षी त्यांच्या वाट्याचं दूध तर मीच प्यायचो. मी सहावी नापास आहे, दिदी. एवढाही नापास नाही.

आधीच्या पत्रात आमा ओळीओळीला बोलत होती. या पत्रात ती नव्हतीच.

तिथी कळव. मला मोजायचं आहे की ती गेल्यावर किती बाटल्या प्यायलो. डोंगराचं ऐकून ती हसली का, हे विचारणार होतो. आता वाटतं, ते पत्र पोचलं तेव्हा तू रिकाम्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलंस. तुला दोष देत नाही. आडणा तिनेच लावला.

पदमने माझं डोकं भादरलं. यंत्रावरचे कोरियन पोरगे म्हणाले, काय रे, सैन्यात भरती झालास वाटतं? इथे भरतीआधी मुंडण करतात. एकाने तर मला सलाम ठोकला. मीही ठोकला. काय सांगणार होतो!

आजुम्माने बाटली पुढे केली, मी मागे सारली. तिने हुंगून बघितली, नासली असेल म्हणून. मग दुसरी आणली, गुलाबी. शेवटी मी म्हटलं, ओम्मा, आणि आभाळाकडे हात केला. आई या शब्दाला त्यांच्याकडेही आमासारखा म लागतोच. ती मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्याकडे दुःखाच्या घरी करतात ते लाल सूप केलं. ते गाईच्या मांसाचं असतं. माझ्यासमोर ठेवून तिने डोक्यावर बोटं धरली आणि जोरजोरात मान हलवली, शिंगं नाहीत, शिंगं नाहीत. नुसत्या रानभाजीचं केलं होतं, फक्त माझ्यासाठी. पण माझे तेरा दिवस अळणीचे चालू होते, मी पत्र हाती आलं त्या दिवसापासून धरलेत. मला ते चाखता येईना आणि मीठ का नको, हे सांगायला माझ्याकडे शब्द नाही. तिला वाटलं, माझा विश्वास बसला नाही. सूप निवेपर्यंत ती बिचारी डोक्यावरून हात फिरवून दाखवत होती.

मी येत नाही. मालकाला सांगितलं, राहतो. तो म्हणाला, शहाणा आहेस.

कृष्णदाजूने माझ्या जागी अग्नी दिला असेल. त्याला धोतर घे, माझ्या वतीने पाया पड. बांना गोठ्यातून घरात आण. वर्षश्राद्धात कमी पडू देऊ नकोस. यापुढे मी काय खाल्लं ते लिहिणार नाही, विचारूही नकोस. पत्र मात्र पाठवत जा, दोन ओळींचं का होईना. आता तेवढंच घर आहे.

तुझा भाइ,
झलक

ता. क. पदमचा मेहुणा गावी निघालाय, त्याच्या हाती देतोय. तिकिटासाठी ठेवलेले सगळे पैसे आहेत, मोजून घे. चार लाख साठ हजार वॉन.