तेहतीस आठवडे, तीस सेंटिमीटर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढत नसशीलच (चढत असशील, तुला ओळखतो मी). इकडे सर्व क्षेम, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून.

सूनबाई तपासणीला गेली की डॉक्टरीणबाई तिच्या पोटावर खालून वर उभी टेप धरतात. जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर भरायला हवेत. आता टेपचा विषय निघाल्यावर मी गप्प कसा बसणार? बावीस वर्षं लोकांची मापं घेतोय. दर रविवारी चहा झाला की ती बिचारी हसत सोफ्यावर आडवी होते आणि घरगुती मोजणी होते (टेप माझी, हात तुझ्या भावजयीचे, सूचना माझ्या). गेल्याच्या गेल्या रविवारी तेहतीस आठवडे झाले होते आणि टेपवर भरले एकोणतीस.

सोमवारी सगळ्यांना दवाखान्यात नेलं. बाईंनी मोजलं, तीस. मी म्हणालो, तुमची टेप चुकतेय (तुझ्या भावजयीने माझ्या पायावर पाय दिला). बाईंनी शांतपणे दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. ताई, माझी टेप ताणून लांब झालीय, मीटरला चांगली तीन सेंटिमीटर. म्हणजे कित्येक वर्षं मी गिऱ्हाइकांची कंबर कमीच सांगत आलो, आणि मला वाटायचं, बायका माझ्या शिलाईवर खूश आहेत.

हसून झालं, पण बाईंच्या टेपनेही बाळ तीन सेंटिमीटर मागेच होतं. सोनोग्राफी केली. बाळ लहान आहे, नाळेतलं रक्त मात्र नीट वाहतंय. बाईंनी तक्त्यावर एक ठिपका काढला, दुसरा पंधरा दिवसांनी, येत्या सोमवारी. रेघ वर चढली तर बाळ नुसतं बारीक चणीचं. आडवी पडली तर वाढ अडलीय, मग वेळेआधीच बाहेर काढावं लागेल. तोवर घरात टेपला कोणी हात लावायचा नाही, असा ठराव झालाय. मी दुकानात झबली शिवतो. पहिलं तळहातावर मावतं. उलगडून बघतो, परत घडी घालतो.

सूनबाई फार घाबरलीय. तिला धीर द्यायला घरात कोणीतरी मोठं हवं.

तुझा,
धाकटा

ता. क. सूनबाई घाबरलेली नाही. जेवते, झोपते, पोटावर हात ठेवून बाळाच्या लाथा मोजते आणि आकडा मला सांगते, मग मी जेवतो.

ता. क. दुसरा. तिने हे पत्र वाचलं आणि म्हणाली, "बाबा, आत्यांना एवढं कशाला? दोन ओळी पुरल्या असत्या." त्या लिहितो. मला भीती वाटतेय. सोमवारच्या आत ये.