सत्तेचाळीसावं नाव

सोमवार, १० नोव्हेंबर

हर्षदने परत फिल्टर तसाच ठेवून कॉम्प्युटरवरची शीट बंद केली! आमच्या संस्थेच्या यादीत सत्तेचाळीस म्हातारी माणसं, सगळी एकटी राहणारी. रोज सकाळी प्रत्येकाला एक फोन — बरे आहात ना, एवढंच. निम्मे त्याने करायचे, निम्मे मी. पठ्ठ्याने औषधांच्या रकान्यात 'चालू' निवडलं. ज्यांना औषधं नाहीत ते सात जण गायब. आणि मी दिसतील तेवढ्यांनाच फोन करत बसले.

संगमेश्वरच्या ताजबीखाला गुरुवारपासून तापाने पडून. आज शेजारणीने कळवलं. फोन केला तर म्हणाल्या, "मला वाटलं, तुमची संस्था बंद पडली."



मंगळवार, ११ नोव्हेंबर

हर्षदशी भांडले. म्हणे, गाळणीचं चिन्ह दिसतं की वर. दिसतं ना — अठरा रकाने आणि मुंगीएवढं चिन्ह. ते सापडलं तरी आत काय निवडलंय ते कळायला प्रत्येकावर क्लिक करा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आजही तेच. खाली आकडा — ४७ पैकी ४६. कोण राहिलं विचारलं, तर ते नाव माझ्या वाट्याचं आहे, मी करतो फोन, तू फिल्टर काढू नको, म्हणाला. वैताग.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नेटवर एक छोटा कोड मिळाला. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर, तिथे काय फिल्टर लावलाय ते लाल अक्षरांत दिसेल. तीन तास त्यातच गेले. शीट दोनदा अडकली. हर्षद सारखा येऊन सांगत होता, कशाला एवढा खटाटोप. चारला लाइट गेली. उरलेलं सोमवारी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कोड चालला. सतरा रकान्यांवर काही नाही. नावाच्या रकान्यावर लाल अक्षरं —

'काशी सखाराम शेट्ये' सोडून सगळे.

माझी आई.

फिल्टर काढला. ओळ उघडली. लांजा. नाव नोंदवलं जूनमध्ये, तिनेच. शेऱ्यात हर्षदने लिहिलंय — मुलीला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आहे.

त्याला विचारलं. म्हणाला, "तू रविवारी फोन करतेस तेव्हा घाईत असतेस, असं काकी म्हणतात. तुला त्रास नको म्हणून इथे नाव दिलं. मी करतो रोज, नऊ वाजता."

पाच महिने. आणि मी त्याला शीट नीट बंद करता येत नाही म्हणून बोलत होते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नऊ वाजता ऑफिसच्या फोनवरून मी लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल रे हर्षदा," आई म्हणाली.