कोटाच्या कापडावरचं वेळापत्रक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वेळ वाचावा म्हणून एकच घालतोय, बाकीचे भेटीत.) तुझे गुडघे कसे आहेत? आणि दाजी कसे आहेत? मागच्या तिन्ही पत्रांत तू त्यांच्याबद्दल ‘बरे आहेत’ एवढंच लिहिलंस आणि खाली दोन-दोन पानं वेळेच्या नियोजनावर. ह्या खेपेला प्रमाण उलटं ठेव. इकडे आम्ही मजेत. ही (म्हणजे तुझी भावजय) सध्या माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे रोजचा पाऊण तास वाचतो. तो कुठे जातो ते मात्र कळत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. येत्या रविवारी दाजींचा निरोपसमारंभ, अडतीस वर्षांची नोकरी संपतेय, चारचौघांसमोर उभं राहायचंय, तर कोट शिवून झाला का? सांगतो. पण क्रमाने सांगू दे, कारण क्रम सोडून काही करायचं नाही असं तुझ्याच चौथ्या मुद्द्यात आहे.

तू पाठवलेलं गजराचं डबडं पोचलं. पंचवीस मिनिटं काम, मग घंटा, मग पाच मिनिटं सक्तीची विश्रांती. पहिल्याच दिवशी कवायतीचे मास्तर शर्टाचं माप द्यायला आले. त्यांना दोन्ही हात पसरून उभं केलं, छातीभोवती टेप घातली आणि घंटा वाजली. आता नियम म्हणजे नियम. मी टेप गळ्यात अडकवली आणि बाकावर जाऊन बसलो. मास्तरांना वाटलं, मापाची ही काहीतरी नवीन पद्धत असावी. माणूस पाच मिनिटं तसाच उभा! शेवटी शेवटी हात थरथरायला लागले, पण खाली आले नाहीत. मग माप घेतलं तर छाती दीड इंच जास्त भरली (राग गिळून उभा राहिलेला माणूस फुगतो, हे आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही). शर्ट अर्थातच ढगळ झाला. तो उसवून पुन्हा शिवण्यात जो वेळ गेला, तो तुझ्या पद्धतीत कुठल्या खात्यात टाकायचा तेवढं कळव.

मग म्हटलं, आपलं चुकतंय कुठे, तर वेळापत्रक नाही. वेळापत्रकाला मोठा कागद हवा. तो शोधण्यात एक सकाळ गेली. कापायच्या टेबलावर दाजींच्या कोटाचं गडद निळं कापड पसरलेलं होतं, सुरकुती नाही, डाग नाही, आणि माझ्या हातात खडू. शिंप्याचा हात गं, चाललाच. सात दिवसांचे सात रकाने पाडले. कामं पांढऱ्याने, विश्रांती पिवळ्याने. दीड दिवस लागला, पण असं देखणं काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. सगळ्यात नकोसं काम सगळ्यात आधी, हा तुझा दुसरा मुद्दा. म्हणून सोमवारी सकाळी नऊ वाजताच्या चौकोनात लिहिलं : दाजींचा कोट कापणे.

सोमवार उजाडला. नऊ वाजता कात्री उचलली आणि बघतो तर काय, कोट कापायचा म्हणजे मंगळवार ते गुरुवार कापले जाणार! पाठीचा भाग सरळ बुधवारच्या छातीतून जात होता. बरं, ब्रशने पुसून टाकावं, तर कोट कापून झाल्यावर पुढे काय करायचं हे मला कोण सांगणार? तेव्हा कोट मंगळवारवर ढकलला. मंगळवारी बुधवारवर. प्रत्येक वेळी रकाने पुसून नवे आखायचे, त्यात पुन्हा तासभर. असे आठ दिवस गेले. टेबल अडलेलं, त्यामुळे बाकीच्या गिऱ्हाइकांचे कपडे मी जमिनीवर चादर टाकून रांगत कापले. आता आपल्या दोघांचे गुडघे सारखे झाले आहेत.

ही का बोलत नाही तेही त्याच कापडावर आहे. मी एका चौकोनात ‘हिच्याशी बोलणे, सहा ते सहा दहा’ असं लिहिलं होतं. तिने ते वाचलं आणि माझाच खडू घेऊन शेजारी ‘वेळ नाही’ असं लिहिलं. (अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.)

आपले काजवाले काका तुला आठवत असतील. बाबांच्या वेळेपासून दाराशी बसून काजं-बटणं करतात. त्यांच्याकडे घड्याळ नाही. दोऱ्याचं एक रीळ संपलं की चहा, एवढंच त्यांचं नियोजन, आणि त्यांचं एकही काम कधी तुंबलेलं मी पाहिलं नाही. ते आठ दिवस चष्म्यावरून नुसते बघत होते. काल म्हणाले, “तुला वेळ कमी पडत नाहीये. तू तो कोट टाळतोयस.” मी चिडून त्यांना काहीबाही बोललो. मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण म्हातारा बरोबर बोलला होता.

आज मंगळवार. ब्रश समोर आहे, कात्री समोर आहे. आधी हे पत्र पुरं करावं म्हटलं. दाजींना नमस्कार सांग, आणि स्वतःला जप.

तुझा धाकटा

ता. क. – गजराचं डबडं काकांनी मागून घेतलं. पंख्याने कापड उडू नये म्हणून ते त्यावर ठेवतात. त्या कामाला उत्तम आहे.

ता. क. – खरं विचारायचं ते राहिलंच. तू पाठवलेल्या मापांत दाजींची छाती अडतीस आणि कंबर चौतीस आहे. माझ्या वहीत, दोन वर्षांपूर्वी मी स्वतः घेतलेलं माप, छाती बेचाळीस, कंबर चाळीस. तुला टेप धड धरता येत नाही, कधीच येत नव्हती. तेव्हा पुन्हा मोज आणि चुकलं होतं म्हणून कळव, मी एका शब्दाने चिडवणार नाही. आणि चुकलं नसेल, तर डॉक्टर काय म्हणाले ते लिही. मी घाबरलोय, ताई. त्या कापडावर अडतीसची खूण करायला माझा हात होत नव्हता. बाकी सगळं त्यासाठीच चाललं होतं.

ता. क. – उत्तर पोस्टाने पाठवू नकोस. शनिवारी मीच कोट घेऊन येतोय, तोंडावर सांग. पाकीट बंद करायच्या आधी कापड झटकलं आणि कोट कापला, तुझ्याच मापाने. पण छातीला आणि कंबरेला आत भरपूर कापड दुमडून ठेवलंय. एवढं कुणी ठेवत नाही. काकांनी बघितलं आणि काजांसाठी निळ्या दोऱ्याचं नवं रीळ काढलं. दाजींच्या अंगावर मांस चढलं की शिवणी उसवून कोट पुन्हा बेचाळीसचा करीन. त्याला पंचवीस मिनिटं पुरतील.