गोठल्या दंवाची वही

ताझरूत, १७ एप्रिल, दुपार

हद्दूदादास, तुदाचा सलाम.

देवाच्या दयेने इथे सगळी माणसं धडधाकट आहेत. रकियावहिनी बरी आहे. काळी शेळी व्याली, दोन्ही करडं माद्या आहेत. झऱ्याला पाणी चांगलं आहे. मेकनेसला लेकीच्या सासरी तुझी सरबराई नीट होत असेल, आणि गुडघा त्रास देत नसेल अशी आशा करते.

वरची तारीख वाचून हसला असशील. म्हातारी चळली, एप्रिल संपत आला तरी हिचं आपलं सतराच चाललंय. हस बापडा. तारखेचं मी पुढे सांगणारच आहे.

तुझी चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरने काल दिली. व्याह्यांना घेऊन येतोयस, त्यांना मळा दाखवायचाय, तेव्हा रोपं कशी आहेत ते कळव, असं लिहिलंयस. कळवते. रोपं गेली.

टोमॅटो एकूण एक गेले. मिरचीही गेली. दुधीची पानं उकडल्यासारखी काळी पडून मातीला चिकटलीत. आज पहाटे दंव गोठलं, आणि ऊन वर आलं तेव्हा मळ्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाटाणा, बाकला आणि कांदा तेवढा उभा आहे, पण तो मी हिवाळी पावसाच्या तोंडी लावलेला. त्याला थंडीचं काही वाटत नाही.

वहीत तर असं कुठे नव्हतं, असं म्हणशील. दादा, वहीत सगळं होतं.

बाबा गेले त्याला चाळीस दिवस व्हायच्या आत तू पेन्शनीत निघून गावी आलास. बावीस वर्षं मी ज्या मळ्यात कंबर मोडली, तो मुलीच्या जातीला कसा राहील, असं तू गावच्या थोरांना विचारलंस. आम्ही बायका भिंतीमागे बसलो होतो. ओसईदम्हातारा तेवढा म्हणाला, मास्तर, तुम्हाला खुरपं कुठून धरायचं ते तरी ठाऊक आहे का? लोक हसले. तेव्हा तू कोनाड्यातून उचललेली वही वर धरलीस आणि म्हणालास, "ही माझ्या बापाच्या हातची वही आहे. एकतीस वर्षांचं दंव यात लिहिलंय. ही हातात असताना मला कुणी शिकवायची गरज नाही."

माझ्या बापाच्या हातची! बाबांना अंगठा उठवण्यापलीकडे काही येत नव्हतं, हे तुला माहीत होतं. ते सकाळी मळ्यातून येऊन सांगायचे आणि मी लिहायची. आपला मळा खोलगट आहे, थंडी तिथे उतरून साचते, वर घरांपाशी दंव थांबलं तरी खाली आठ दिवस पडतच राहतं. म्हणून ती गावाची नाही, आपल्या मळ्याची वही. शेवटचं दंव कधी, पहिलं कधी, मधे किती दिवस मिळतात, त्यात काय पिकून होईल. मला अक्षरं तूच शिकवलीस, जात्याच्या दगडावर कोळशाने. त्याचा उपकार मी विसरले नाही, म्हणून तर भिंतीमागे मूग गिळून बसले.

मग थोरांनी ठरवलं. हद्दूने लावलेली उन्हाळी भाजी भर उन्हाळ्यातल्या अंसराच्या सणाला पानात पडली तर मळा त्याचा, तुदाने त्यावर पाणी सोडायचं. नाही पडली तर तुदाचा. तू लगेच हो म्हणालास. मला कुणी विचारलं नाही.

लावणीच्या दिवशी सकाळी तू माझ्या दारात आलास. निळ्या कागदातली साखरेची ढेप आणलीस. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. वहीतलं पान पुढे करून विचारलंस, "तुदा, चोवीस एप्रिलनंतर दंव कधीच पडलेलं नाही ना?"

मी म्हणाले, "चोवीसनंतर एकदाही नाही."

खोटं बोलले नाही. आणि तू हुशार माणूस, आणखी तीन दिवस थांबलेलाच होतास. ओसईदने कुंपणावरून विचारलं, घाई तर होत नाही ना? तू त्याला वही दाखवलीस. त्याला वाचता येत नाही.

दादा, इथे पेरणी, लोकर, सण, दंव, सगळं शेताच्या हिशेबाने चालतं. शाळा आणि कचेरी सरकारी हिशेबाने. महिन्यांची नावं तीच, पण शेताची तारीख तेरा दिवस मागे असते. लहानपणी तुला हे पाठ होतं. चाळीस वर्षं फळ्यावर सरकारी तारीख लिहून तू विसरलास. वहीतला चोवीस एप्रिल तुझ्या कॅलेंडरावर सात मे. आज तुझ्याकडे तीस एप्रिल आहे. आज आमचा सतरा.

एवढ्यावर थांबले असते तर चूक तुझी एकट्याची राहिली असती. पण खरं तेच लिहिते. काल संध्याकाळी वारा पडला, आभाळ स्वच्छ झालं आणि माझे हात गार पडले तेव्हाच मला कळलं होतं. अशा वेळी बाबा बांधावर ओला पेंढा रचून ठेवायचे आणि पहाटे पेटवून मळ्यावर धूर धरायचे. पेंढा माझ्याकडे होता. वहिनीला एक हाक मारली असती तर आम्ही दोघींनी मळा वाचवला असता. मी दार लावून घेतलं. आणि सकाळी उघडून खाली पाहिलं तेव्हा मला आनंद झाला, दादा. खूप आनंद झाला.

मग वहिनी मळ्यात बसलेली दिसली. एकेक रोप बोटांनी उभं करून बघत होती. माझ्या आजारपणात तिने महिनाभर मला हाताने भरवलंय. तिचं वाईट वाटलं, ते अजून वाटतंय. तुझं वाटत नाही.

आता इतक्या उशिरा अख्ख्या खोऱ्यात रोपं सापडतील ती एकाच ठिकाणी. माझ्या शेळ्यांच्या गोठ्यात, दोनशे, बोटभर जाड खोडाची. सात मेची वाट बघतायत. मागायला येऊ नकोस, मी देणार नाही. आणि वहिनीला पाठवू नकोस, कारण तिला नाही म्हणणं मला जमणार नाही, आणि ते तुलाही ठाऊक आहे. तेवढी लाज ठेव.

साखरेची ढेप फोडली नाही. पत्रासोबत परत पाठवतेय, व्याह्यांच्या चहाला होईल.

येताना वही घेऊन ये. यंदाची ओळ भरायची राहिलीय. तोवर इथेच लिहून ठेवते: १७ एप्रिल, पहाटे, मळ्यात दंव गोठलं. हद्दूची रोपं गेली.

अक्षर ओळखशील.

वही लिहिणारी,
तुदा