शेजारणीचा आवाज

बाई, आज सकाळी आमचं वृंदगान रेडिओवर लागलं. निलंग्याच्या बारा बायका, साथीला पेटी नि तबला. निवेदिकेनं संचालिका म्हणून माझं नाव घेतलं, तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

बिलोलीहून मी नांदेडला शिकायला आले तेव्हा तुम्ही आमच्या शाळेत संगीत शिकवत होता. रेडिओसाठी बारा मुली निवडल्यात, त्यांत मी होते. रेकॉर्डिंगच्या आधी लातूरला कार्यक्रम झाला. माझे वडील खास आले होते, त्यांना ऐकू जावं म्हणून मी गळा ताणून गायले. टाळ्या पडल्या. पडद्यामागे तुम्ही जवळ आलात. "शेजारणीचा आवाज तुला ऐकू आला का?" मी मान हलवली. "न्हाई ना? मग तू जास्त गाऊन राहिलीस." पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंगला मलाही नेलंत, पण बसवलंत स्टुडिओच्या काचेबाहेर. आत तुमचा हात वर जातो, अकरा जणी एका श्वासात सूर उचलतात, आणि मी बाकावर बसून फ्रॉकची शिवण उसवतेय. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "कोणाचा आवाज ओळखू आला?" "कोणाचाच न्हाई." "मग जमलं," म्हणालात.

ते गाणं लागलं त्या दिवशी वडिलांनी अख्खी गल्ली ओसरीवर जमवली. "हाव, हाच! हाच माझ्या लेकीचा आवाज हाय!" ते सगळ्यांना सांगत होते. मी मान खाली घालून बसले. पुढे ते वारले, पण खरं काही त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढे लग्न होऊन निलंग्याला आले, शाळेत गणित शिकवू लागले, आणि शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात चार बायका गोळा केल्या. चाराच्या बारा झाल्या. एक नर्स आहे, एक अंगणवाडीत आहे. एक सासू-सून आहेत, घरी एकमेकींशी धड बोलत नाहीत, पण गाताना दोघी एकाच ठिकाणी श्वास घेतात. उदगीरला गायलो, लातूरला तर सभागृहात लोक उभे राहून ऐकत होते. मी प्रत्येकीला तुमचंच सांगत आले: शेजारणीला ऐका.

गेल्या महिन्यात रेडिओचं रेकॉर्डिंग होतं. आमच्यात एक एस.टी. कंडक्टर आहे, नवीन. पहिल्या टेकला तिचाच आवाज वर आला, दुसऱ्यालाही. रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले, "एकीला कमी करता येईल का?" ती आपणहून पदर सावरत निघाली. "म्याडम, मी बाहेर बसते. गाडीत गर्दीवर वरडून वरडून गळाच तसा झालाय. माझ्यापायी सगळ्यांचं कशाला?"

बाई, तुमचा नियम मला पाठ होता. पण तिचं ते दाराकडं वळणं मला बघवलं नाही. मी तिचा हात धरला, सासू-सुनांच्या मधे उभं केलं आणि म्हटलं, "तू गाऊ नको. आधी ह्या दोघींना ऐक, मग हळूच त्यांच्यात शिर." तिसरा टेक फसला. चौथाही. साहेब घड्याळ बघायला लागले. पाचव्याला ती कुठं मिसळली ते मलाही कळलं नाही. साहेबांनी हेडफोन काढले आणि नुसते हसले. बाहेर आल्यावर ती रडत होती, आणि सासू तिला पाणी देत होती.

सगळं तुमच्याकडूनच शिकले, हे मी स्टेजवर दर वेळी अभिमानानं सांगते. त्या दिवशी तुम्ही मला बाहेर बसवलंत ते योग्यच होतं, असंही सांगते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तेवढं मी खोटं सांगते, बाई. तुम्ही मलाही आत ठेवायला हवं होतं.